पंगतीतली जागा : लक्ष्मीबाई टिळक

मंडळाच्या दिवाळीच्या जेवणात ताट हातात घेऊन रांगेत उभं राहिलं की दहा मिनिटांत सगळ्या बातम्या कळतात. कुणाच्या मुलीला कुठल्या कॉलेजात प्रवेश मिळाला, कुणी पाच बेडरूमचं घर घेतलं, कुणाचं ग्रीनकार्ड आलं, कुणाचं अजून अडकलंय. सगळं हसतखेळत चालतं, कुणाच्या मनात वाईट काही नसतं. पण घरी परतताना गाडीत एकदम शांतता पसरते. आपण मनातल्या मनात हिशोब मांडत असतो. आमच्या घरात तरी तसंच व्हायचं. २००९ साली आमच्याकडची एक नोकरी गेली, तेव्हा आम्ही दिवाळीच्या कार्यक्रमाला गेलोच नाही. मुलाची परीक्षा आहे असं सगळ्यांना सांगितलं. परीक्षा वगैरे काही नव्हती. लोक विचारतील आणि आपल्याला सांगावं लागेल, एवढीच भीती होती.

त्या रिकाम्या शनिवारी मी 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचायला घेतलं. आईनं माझ्या पहिल्या खेपेच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी ते पुस्तक कोंबलं होतं, आणि तेव्हापासून ते फळीवर धूळ खात पडलं होतं. शाळेत त्यातला धडा होता, खूप हसलो होतो, एवढंच आठवत होतं. या वेळी हसले, पण जास्त वेळ विचारच करत बसले. आपली जागा पंगतीत नेमकी कुठे, हा प्रश्न लक्ष्मीबाईंना आपल्यापेक्षा कितीतरी कठोरपणे विचारला गेला होता. त्यांनी त्याचं उत्तर ज्या प्रकारे शोधलं, ते या अंकाच्या वाचकांपुढे ठेवावंसं वाटलं.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनकर्णिका, आडनाव गोखले. घर कर्मठ कोकणस्थ ब्राह्मणाचं. त्यातही वडिलांचं, म्हणजे नानांचं, सोवळं काही औरच. १८५७ च्या बंडानंतरच्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना फाशी झालं. त्यांच्या देहाला परक्या जातीचा हात लागला, या धक्क्यानं नानांच्या डोक्यात सोवळ्याचं वेड शिरलं ते कायमचंच. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. कुणाची सावली पडली, कुणाचा पदर लागला की परत आंघोळ. त्या घरात वाढलेल्या मुलीला अक्षरओळख होण्याआधी शिवाशिव कळली. कोण वर, कोण खाली, कुणाला स्पर्श चालतो आणि कुणाला चालत नाही, हाच तिचा पहिला धडा.

सोवळं म्हणजे तरी शेवटी काय? दुसऱ्याशी केलेली तुलनाच ना! मी शुद्ध आहे, कारण समोरचा शुद्ध नाही. तो माझ्याजवळ आला की माझी शुद्धता गेली. म्हणजे माझी किंमत माझ्याजवळ नाहीच, ती शेजारच्यावर अवलंबून. त्यामुळे सतत डोळ्यांत तेल घालून बघत बसायचं. आपल्याला आज त्या सोवळ्याचं हसू येतं. पण रांगेतल्या गप्पा आठवून पाहा.

वयाच्या अकराव्या वर्षी तिचं लग्न नारायण वामन टिळकांशी झालं आणि मनूची लक्ष्मी झाली. टिळक विद्वान, संस्कृतचे जाणकार, शीघ्रकवी, उत्तम वक्ते. आणि संसाराच्या बाबतीत साफ बेभरवशाचे. मनात आलं की नोकरी सोडायची, मनात आलं की घर सोडून निघून जायचं. हातात पैसे आले की भेटेल त्या गरजवंताला द्यायचे. किराणा आणायला गेलेले टिळक काय घेऊन परततील याचा नेम नसे. रागही शीघ्र आणि तो ओसरणंही शीघ्र. बायकोला लिहा-वाचायला शिकवायचं त्यांनी मनावर घेतलं खरं, पण शिकवायला जो धीर लागतो तो त्यांच्यापाशी नव्हता. मुलं झाली आणि लहानपणीच गेली. मग दत्तू जगला. घर आज इथे तर उद्या तिथे. नाशिक, नागपूर, राजनांदगाव... आपण दोन-तीन वर्षांनी राज्य बदलतो आणि मूव्हिंगच्या खोक्यांना कंटाळतो. लक्ष्मीबाईंच्या नशिबी तेच होतं, फक्त खोकी भरावीत एवढं सामानसुद्धा नसायचं.

१८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीनं निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. कवितेवर गप्पा झाल्या, मग धर्मावर. उतरताना त्या गृहस्थांनी टिळकांच्या हाती बायबलचा नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीतही केलं. त्यांचं नाव टिळकांना कधीच कळलं नाही. पुस्तक वाचता वाचता टिळक येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन थांबले आणि तिथेच अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोला त्यांनी याची काही कल्पना दिली नव्हती.

त्या काळात याचा अर्थ काय होता, ते आज नीट समजणं कठीण आहे. लक्ष्मीबाई सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या, पदरात लहान मुलगा. नवरा जिवंत, पण त्याच्या हातचं पाणी चालत नाही. विधवा नाही आणि धड सवाष्णही नाही. वडिलांच्या वेडापायी ज्या घरात साधा स्पर्शही चालत नव्हता, त्या घरातल्या मुलीचा नवरा आता सगळ्या शिवाशिवीच्या पलीकडे गेलेला. रडून रडून त्यांच्या प्रकृतीची वाताहत झाली. बहिणीकडच्या माणसांनी त्यांना जवळ केलं, पंढरपुराला नेलं. चार-पाच वर्षं त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या. प्रेम करणारी माणसं होती, खायला-प्यायला होतं. तरीही दुसऱ्याच्या संसारात राहणाऱ्या बाईला दिवसाकाठी कितीदा स्वतःकडे आणि दुसऱ्यांकडे बघावं लागत असेल, हे सांगायला नको. हिचा नवरा शेजारी आहे, माझा नाही. हिच्या मुलाची मुंज होईल, माझ्याची कोण करणार? याच काळात त्यांच्या मनातलं दुःख ओव्या-कवितांच्या रूपानं बाहेर पडू लागलं. लिहिणं जेमतेम, पण कविता आपोआप येत होती.

शेवटी त्या नवऱ्याकडे परतल्या. पण ख्रिस्ती व्हायला नाही हं! नगर जिल्ह्यात टिळक अमेरिकन मराठी मिशनचं काम करत होते. लक्ष्मीबाई तिथे गेल्या त्या आपलं सोवळं सोबत घेऊनच. स्वतःचं पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा. नवरा पलीकडे ख्रिस्ती मंडळींत वावरतोय आणि ह्या आपल्या चुलीशी. टिळकांनी जबरदस्ती केली नाही, हे त्यांचं मोठेपण. एरवी लहानसहान गोष्टींवर भडकणारा हा माणूस या एका बाबतीत मात्र धीरानं थांबला.

मग एका रात्री ते घडलं. 'स्मृतिचित्रे'तला हा भाग मला सगळ्यांत जास्त आवडतो, कारण त्यात चमत्कार काहीच नाही. त्या रात्री लक्ष्मीबाईंना झोप येईना, म्हणून त्या विचार करत बसल्या. देवानं माणूस केला, त्यात बाई आणि पुरुष हा भेद त्यानं केला, तो दिसतोच. पण जात कुणी केली? देवानं केली असती तर पशुपक्ष्यांच्या जाती जशा डोळ्यांना दिसतात तशी माणसाची जातही दिसली असती. म्हणजे हे माणसांचं काम! मग ते आपण का पाळायचं? एवढा सरळ हिशोब. कुणी पंडित नाही, पुस्तक नाही, प्रवचन नाही. सकाळी त्यांनी ठरवून टाकलं की आजपासून कुणाच्याही हातचं खायचं. लहानपणापासून ज्या भीतीत त्या वाढल्या होत्या, ती एका रात्रीत गळून पडली.

लक्षात घ्या, तोवर त्या ख्रिस्ती झाल्या नव्हत्या. आधी सोवळं गेलं, श्रद्धा हळूहळू मागून आली. नवा करार वाचून, ऐकून, टिळकांशी वाद घालून, आजूबाजूच्या माणसांकडे बघून. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या मागे मुकाट्यानं जायचं असतं तर १८९५ सालीच गेल्या असत्या. पाच वर्षं थांबून, स्वतःची खात्री पटल्यावरच त्यांनी ते पाऊल उचललं.

त्यांना त्या श्रद्धेत नेमकं काय सापडलं? मी ख्रिस्ती नाही, त्यामुळे सांभाळूनच लिहिते. त्यांच्या पुढच्या आयुष्याकडे बघून मला वाटतं की त्यांना एक पक्की जागा सापडली. देवाचं आपल्यावर प्रेम आहे आणि ते आपण कुणापेक्षा वरचढ असल्यामुळे नाही, ही ख्रिस्ती शिकवण त्यांनी पुस्तकातून कमी आणि चुलीपाशी जास्त घेतली. जिला शिवाशिवीचा धाक होता, तिच्या घरात आता कुठली कुठली पोरं येऊन राहू लागली. १८९९-१९०० चा दुष्काळ भयानक होता. मिशनच्या आसऱ्याला कितीतरी अनाथ मुलं आली होती. त्यातली काही टिळकांच्या घरात वाढली. कुणाची जात काय, हे विचारायला आता सवडच नव्हती. आजारी मुलांची शुश्रूषा, भुकेल्यांची जेवणं आणि त्यातच नवऱ्याची नवी नवी खुळं!

याच घरात पुढे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, येऊन राहिले. टिळकांना हा कोवळ्या वयाचा कवी भलताच आवडला, आणि लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या मुलासारखं सांभाळलं. हिंदू कवी ख्रिस्ती घरात राहतो, जेवतो, कविता लिहितो आणि धर्माचा प्रश्न मध्ये येत नाही. १९१८ साली बालकवी रेल्वेखाली सापडून गेले, तेव्हा टिळकांचं घरच पोरकं झालं.

टिळकांबद्दलही इथे दोन शब्द लिहायला हवेत. त्या काळी ख्रिस्ती झालेल्या माणसापुढे एक वेगळीच तुलना उभी असायची. साहेबासारखा पोशाख, साहेबासारखं जेवण, साहेबाच्या चालीवरची गाणी. आपण साहेबाच्या किती जवळ पोचलो, यावर प्रतिष्ठा ठरायची. परदेशात राहणाऱ्या आपल्याला ही भानगड समजावून सांगायला नको! टिळकांनी ती साफ नाकारली. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या वाटेनंच मी ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते मानत. त्यांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग आणले, भजन आणलं, कीर्तन आणलं. मराठी चर्चमध्ये त्यांची भजनं आजही म्हटली जातात. १९१२ पासून ते 'ज्ञानोदय'च्या मराठी भागाचे संपादक होते. आणि १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी, म्हणजे पगारही, सोडला. साताऱ्याला राहून 'देवाचा दरबार' उभा करायचा, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले सगळे ख्रिस्तभक्त बरोबरीनं बसतील, असं त्यांचं स्वप्न होतं. ते पुरं व्हायला आयुष्य उरलं नव्हतं. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले.

आता लक्ष्मीबाई पन्नाशीत. नवरा गेला, मिशनचा पगार आधीच गेलेला. आपल्यापैकी ज्यांनी या देशात एकटीनं संसार ओढलाय त्यांना यातलं दुःख कळेल. त्यांनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहात मेट्रनची नोकरी धरली. जन्मात पहिल्यांदा नोकरी, तीही पन्नाशीनंतर! ती काही फार दिवस जमली नाही. मग मुलांबरोबर त्या कराचीला गेल्या. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती आणि तिथे मराठी माणसंही पुष्कळ होती, पण नाशिकच्या माणसाला ती दूरदेशीच. म्हणजे एका अर्थी त्या आपल्यातल्याच की, नव्या गावात म्हातारपणी मुलाबरोबर राहायला आलेली आई!

आणि इथून पुढे जे झालं त्याचं मला नेहमी नवल वाटतं. देवदत्तांना, म्हणजे दत्तूला, वडिलांचं चरित्र लिहायचं होतं. त्यासाठी आईनं आपल्या आठवणी लिहून द्याव्यात अशी त्यांनी गळ घातली. लक्ष्मीबाईंनी लिहायला सुरुवात केली ती टिळकांसाठी. शाळा कधी पाहिली नव्हती. शुद्धलेखनाचा आनंदच होता. घरात एक कवी होऊन गेलेला, ज्याला महाराष्ट्र फुलामुलांचा कवी म्हणून ओळखत होता. अशा माणसाच्या बायकोनं लेखणी उचलायची म्हणजे छातीवर केवढं दडपण! आपण असतो तर काय केलं असतं? एकतर लिहिलंच नसतं, नाहीतर टिळकांसारखं भारदस्त लिहायचा प्रयत्न करून फसलो असतो.

लक्ष्मीबाईंनी यातलं काहीच केलं नाही. त्या बोलत होत्या तसं लिहित गेल्या. टिळकांचा राग, टिळकांचा विसरभोळेपणा, स्वतःचा वेंधळेपणा, वडिलांचं सोवळं, उपासमार, मुलांचे मृत्यू, सगळं एकाच सरळ आवाजात. नवऱ्यावर टीका आहे पण कडवटपणा नाही, आदर आहे पण आरती नाही. त्या स्वतःवर हसतात, तेही बिनधास्त. ज्या माणसाला आपली जागा पक्की ठाऊक असते, त्यालाच असं हसता येतं. दुसऱ्याला खाली ढकलल्याशिवाय ज्याला वर येता येत नाही, त्याला विनोद जमतो पण असा नाही जमत.

'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली आला आणि पुढे चार भाग झाले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या, त्यामुळे चौथा भाग देवदत्तांनी पुरा केला. टिळकांनी येशूच्या जीवनावर 'ख्रिस्तायन' नावाचं ओवीबद्ध महाकाव्य लिहायला घेतलं होतं, त्याचे सुरुवातीचे थोडेच अध्याय त्यांच्या हातून झाले होते. पुढचे साठाहून जास्त अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. नवऱ्याचं अर्धवट काम आपण हातात घ्यावं, ते आपल्याला झेपेल का, लोक दोघांच्या ओव्या शेजारी शेजारी ठेवून बघतील का, हे प्रश्न त्यांना पडले असतील की नाही, देव जाणे. काम मात्र त्यांनी केलं.

चरित्राचा कच्चा माल म्हणून लिहिलेलं ते पुस्तक आज मराठीतल्या सर्वोत्तम आत्मचरित्रांत गणलं जातं. टिळकांच्या कवितेपेक्षा ते जास्त वाचलं जातं असंही कुणी म्हणेल. पण ही तुलना आपण करायची, लक्ष्मीबाईंनी केली नसती!

माझ्या गोष्टीचं पुढे काय झालं, ते थोडक्यात सांगते. त्या वर्षी पुस्तक संपल्यावर मी आमच्या मैत्रिणीला फोन केला आणि नोकरी गेल्याचं सांगून टाकलं. तिकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग ती म्हणाली की त्यांच्याकडेही तीन महिने तेच चालू आहे, आणि त्यांनीही दिवाळीला न येण्याचं काहीतरी कारण सांगितलं होतं. दोन घरं, दोन खोट्या परीक्षा! पुढच्या आठवड्यात आम्ही एकत्र फराळ केला. चकल्या बिघडल्या होत्या. कुणाच्या जास्त बिघडल्या, यावरून मात्र बरीच चर्चा झाली.

माझ्यापाशी लक्ष्मीबाईंची श्रद्धा नाही, आणि ती उसनी आणता येत नाही, हे मला कळतं. त्यांनीही ती टिळकांकडून उसनी घेतली नाही, पाच वर्षं थांबून स्वतः मिळवली. ज्या घरी येशूवर श्रद्धा आहे त्यांना त्यांच्या आयुष्यात एक ओळखीची खूण सापडेल. ज्यांचा देव विठोबा आहे, त्यांनाही परकं काही वाटणार नाही, कारण टिळक तुकोबांचंच बोट धरून गेले होते. आणि ज्यांचा कशावरच विश्वास नाही, त्यांनी निदान त्या रात्रीचा हिशोब करून पाहावा. हे वर-खाली देवानं केलं, की आपणच?

मुलांना मराठी वाचता येत नसेल तर शांता गोखले यांनी केलेला 'स्मृतिचित्रे'चा संपूर्ण इंग्रजी अनुवाद २०१७ साली प्रसिद्ध झाला आहे. त्यांच्या हाती तो द्या. पण शक्य असेल तर दिवाळीच्या सुट्टीत एखाद्या संध्याकाळी मूळ पुस्तकातली चार पानं मोठ्यानं वाचून दाखवा. नानांच्या सोवळ्याचा भाग आधी घ्या, मुलं हसतील. मग त्यांना विचारा, आपल्याकडे हल्ली सोवळं कशाकशाचं असतं? आमच्या मुलानं जी यादी दिली, ती इथे छापण्यासारखी नाही.